मोकळं रानही कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं
पाऊस लागला की फोर बाय फोरवाल्यांच्या गाड्या मावळ-मुळशीकडे वळतात. माझीही वळते, म्हणूनच ही कळकळीची विनंती.

भाताच्या खाचराचा बांध मातीचा असतो. त्यावरून चाक गेलं की तो खचतो आणि पाणी वाहून जातं. लावणीला तर खाचरात पाणी साठलेलंच लागतं! चिखलात चाक जागेवर फिरवत राहिलात की चर पडतात आणि पुढचा पाऊस त्यातूनच माती ओढून नेतो. कातळसड्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो. तिथली पावसाळी फुलं त्यावरच जगतात, त्यामुळे सड्यावर गाडी घालूच नका.

शेतात कुणी दिसलं तर खाली उतरून विचारा, "मामा, इकडून गाडी काढू का?" कुणीच नसेल तर वाडीत जाऊन विचारा. नाही म्हणाले तर मागे फिरा. फाटक उघडलंत तर लावून घ्या, नाहीतर गुरं पिकात शिरतात. गाडी रुतल्यावर विंचचा दोर थेट झाडाला गुंडाळला तर साल सोलली जाते, रुंद पट्टा वापरा. आणि बांध फुटलाच, तर मालकाला गाठा, भरपाई द्या, गाडीतलं फावडं काढून माती ओढायला लागा.