साबणात पाणी किती? आधी वजनकाटा काढा!

गणपती गेले की कॉलेजात दिवाळीच्या स्टॉलची बोलणी सुरू होतात. पणत्या, कंदील आणि हल्ली हमखास घरी बनवलेले साबण. खोबरेल तेल घरातच असतं, रेसिपी मोबाईलवर असते. मग गाडी अडते कुठे? पाण्यावर! कुणी म्हणतं एक कप, कुणी म्हणतं अंदाजाने.

मुळात पाणी साबण बनवत नाही. साबण बनतो तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून. पाण्याचं काम सोडा विरघळवून तेलापर्यंत पोचवायचं, एवढंच. नंतर ते हळूहळू उडून जातं. म्हणून तेलावरून सोडा ठरतो आणि सोड्यावरून पाणी.

हिशोब बघा. १ ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो. म्हणजे ५०० ग्रॅमला ९१.५ ग्रॅम. पण नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो, म्हणून सोडा २० टक्के कमी घ्यायचा, ७३ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, १४६ ग्रॅम. पहिल्यांदाच करताय? मग अडीचपट, साधारण १८० ग्रॅमपर्यंत चालेल, हाताशी वेळ मिळतो. सोड्याइतकंच पाणी घेतलं तर तो जेमतेम विरघळतो, त्या वाटेला जाऊच नका. तेल बदललं की सोड्याचा आकडा बदलतो, हे विसरू नका.

पाणी वाढवलं की साबण सौम्य होतो, हा गैरसमज आहे. सोडा जास्त पडला असेल तर पाण्याने तो कमी होत नाही. उलट वडी मऊ राहते, सुकताना आक्रसते, वाकडी होते.

आता आपल्या विरारचा प्रश्न. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरायचं का? शाळेत शिकलेलं ‘दुष्फेन’ पाणी आठवा. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चिकट साका बनवतं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या, प्रश्नच मिटला.

आणि इथली दमट हवा! कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी ओढतो, डबा उघडा राहिला की वजन चुकलंच. वडीही सुकायला चार ते सहा आठवडे घेते. घटस्थापनेच्या आधी साचा भरला तरच दिवाळीला ती हातात येईल. दर आठवड्याला वजन करा. उतरायचं थांबलं की वडी सुकली.

काही गोष्टींत मात्र तडजोड नाही. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, उकळून अंगावर उडतं. पाणी गार घ्या, कारण सोडा पडताच ते चांगलंच तापतं. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको. हातमोजे, गॉगल, उघडी खिडकी हवीच. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका. निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

आणि हो, अंघोळीचा साबण कायद्याने कॉस्मेटिक आहे. विकण्यासाठी बनवायचा तर परवाना लागतो. तेव्हा पहिली बॅच घरच्या अभ्यंगस्नानालाच ठेवा.