रक्त चढते, कॅल्शियम उतरते

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबत नसेल किंवा अपघातात प्लीहा फाटली असेल, तर रक्ताच्या पिशव्या एकामागून एक लावाव्या लागतात. पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घातलेले असते. रक्त गोठायला कॅल्शियम लागते आणि सायट्रेट नेमके तेच बांधून ठेवते. एखाददुसऱ्या पिशवीने काही बिघडत नाही, यकृत सायट्रेटचा झटपट निचरा करते. खूप रक्त जाऊन रुग्ण शॉकमध्ये गेला की मात्र यकृतालाच रक्त पुरत नाही, अंगही गार पडलेले असते. सायट्रेट साचते आणि रुग्णाच्या रक्तातले मुक्त कॅल्शियम घटू लागते. रक्तस्राव आणखी बळावतो, हृदयाचे आकुंचनही दुबळे होते.

हृदयाला कॅल्शियम किती लागते, हे लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८३ साली दाखवले. बेडकाचे हृदय ते मिठाच्या द्रावणावर धडधडत ठेवत. नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणावर ते छान चालले, ऊर्ध्वपातित पाणी वापरताच मंदावत थांबले. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. आपल्याकडे दवाखान्यात लावतात ती 'आरएल'ची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची, बाटली याच रिंगर यांच्या नावाची. तिच्यात कॅल्शियम असल्यामुळेच ती रक्ताच्या नळीतून एकत्र सोडत नाहीत.

हृदयाच्या पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. ठोक्यागणिक त्यातले थोडे आत शिरते, पेशीतला साठा मोकळा करते आणि स्नायू आकसतो. मग ते पुन्हा उपसून काढावे लागते, तेव्हाच हृदय सैल होऊन रक्ताने भरते. उपसायला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू. आणि शॉकमध्ये तुटवडा त्याचाच! उपसा रेंगाळला की साचलेले कॅल्शियम पेशीतली ऊर्जाकेंद्रेच बिघडवते.

म्हणून कॅल्शियमला रक्तदाब चढवायचे औषध समजणे मला धोक्याचे वाटते. डेन्मार्कमध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांना कॅल्शियम देऊन पाहणारी चाचणी अपायाच्या शक्यतेमुळे मुदतीआधीच थांबवावी लागली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते रुग्ण वेगळे होते, हे खरे. रक्तस्रावात कॅल्शियम द्यायचे ते सायट्रेटने अडवलेले भरून काढण्यापुरते, आणि तेही रक्तस्राव थांबवण्याची धडपड चालू ठेवूनच.

किती द्यायचे, हे मोजून ठरवता येते. मात्र नेहमीच्या तपासणीतले एकूण कॅल्शियम इथे फसवते, कारण सायट्रेटने बांधलेलेही त्यात धरले जाते. मुक्त कॅल्शियम पाहायला हवे. ते साधारण १.१ ते १.३ मिलिमोल प्रतिलिटर असते आणि ब्लड गॅसचे यंत्र काही मिनिटांत सांगते. रणांगणावर असे यंत्र हाताशी नसते; अमेरिकी लष्कराच्या उपचारपद्धतीत पहिल्या पिशवीनंतर लगेच १० टक्क्यांचे कॅल्शियम क्लोराइड १० मिलिलिटर किंवा ग्लुकोनेट ३० मिलिलिटर देतात. ग्लुकोनेट तिप्पट, कारण तेवढ्याच द्रावणात प्रत्यक्ष कॅल्शियम जवळपास एक तृतीयांश असते. क्लोराइड शिरेबाहेर गळले तर तिथली त्वचा मरू शकते, म्हणून ते शक्यतो मोठ्या शिरेतूनच द्यावे.