पाठपिशवी घेऊन मेकाँगच्या काठीं



नोकरीचीं पहिलीं दोन वर्षें पुरीं केलेली मुलगी एके दिवशीं जेवतांना सहज म्हणून सांगते, "बाबा, मी महिनाभर थायलंड आणि लाओस पाहून येतें. एकच पिशवी, तीही पाठीवर. मुक्काम स्वस्त हॉस्टेलांत, प्रवास बसनें आणि नावेनें." असे संवाद आतां पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांत होऊं लागले आहेत. २०२३ सालच्या नोव्हेंबरांत थायलंडनें भारतीय प्रवाशांना, प्रथम तात्पुरती म्हणून, व्हिसाची माफी दिली, तेव्हांपासून तर अधिकच. घरांतील वडील मंडळी अशा वेळीं सुरक्षिततेविषयीं आणि पैशांविषयीं विचारतात, व तें योग्यच आहे. मला आज बोलावयाचें आहे तें निराळ्या गोष्टीविषयीं. अनोळखी मुलखांत पाऊल ठेवल्यावर पहिल्या दोनचार दिवसांत मनावर जो ठसा उमटतो तो कसा तयार होतो, आणि थोडक्या पैशांत हिंडणाऱ्याच्या बाबतींत तो विशेष फसवा कां असतो, हें आपण पाहूं. उदाहरणादाखल बँकॉकपासून लाओसच्या डोंगरांपर्यंतचा मार्ग घेऊं. तो मीं स्वतः असाच पाठीवर पिशवी टाकून केलेला आहे.

या तऱ्हेचा प्रवास आजकालचा नव्हे. १९६० नंतरच्या दहापंधरा वर्षांत युरोपांतील तरुण तुर्कस्तान, इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून खुष्कीच्या मार्गानें भारतांत आणि नेपाळांत येत. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्यानें अशा स्वस्त प्रवासाविषयीं १९७३ सालीं एक लहानशी पुस्तिका काढली, आणि १९७५ सालीं आग्नेय आशियासंबंधीं दुसरी. पुढें १९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या, आणि खुष्कीचा तो मार्ग मोडला. बँकॉक मात्र प्रवाशांचें मोठें ठाणें बनत गेलें. तेथील खाओ सान नांवाच्या रस्त्यावर पूर्वीं तांदुळाचा व्यापार चाले. खाओ सान या शब्दाचा अर्थच मुळीं सडीक तांदूळ असा आहे. १९८० नंतर त्या रस्त्यावरील घरांतून परदेशी तरुणांना स्वस्त खोल्या मिळूं लागल्या, आणि पाहतां पाहतां तो रस्ता म्हणजे पाठपिशवीवाल्यांची पेठ झाली.

आतां या पेठेंत आपला प्रवासी येतो केव्हां आणि कसा? स्वस्त विमान हें बहुधा अवेळीं उतरतें, आणि स्वस्त बस ही बहुधा पहांटे चारला गांवाबाहेरच्या अड्ड्यावर सोडते. पैसेवाल्यास हॉटेलची मोटार न्यावयास येते. याच्या वांट्याला येतात ते रिक्षावाले, दलाल आणि अर्धवट झोप. म्हणजे शहर जेव्हां सर्वांत कमी शोभिवंत असतें आणि पाहणारा जेव्हां सर्वांत अधिक शिणलेला असतो, नेमकी तीच वेळ पहिल्या भेटीची. दुसऱ्या दिवशीं राजवाड्याच्या रस्त्यावर एखादा टापटीप कपड्यांतला गृहस्थ भेटतो, मोठ्या आर्जवानें सांगतो कीं आज राजवाडा बंद आहे, आणि अगदीं अल्प भाड्यांत दुसरीं देवळें दाखविण्याची व्यवस्था करून देतो. ही स्वारी अखेर एका जवाहिऱ्याच्या दुकानांत जाऊन थांबते. राजवाडा बंद नसतोच. हा प्रकार फार जुना आहे व त्याविषयीं सर्वत्र बजावलेलें असतें. तरीही नवा गडी त्यांत सांपडतो, आणि एका ठकास साऱ्या शहराचा वकील ठरवून मोकळा होतो.

खाओ सानवर थाई माणूस भेटतो तो बहुतेक वेळां कांहींतरी विकणाराच. बाकीची गर्दी स्वतःसारख्याच परदेश्यांची. तीच संगीताची आदळआपट, त्याच केळ्याच्या धिरड्यांच्या हातगाड्या. कोणी म्हणतो, "किती मौजेचें शहर!" कोणी म्हणतो, "केवढा हा बाजार!" दोघांनीही दिंडीदरवाजा पाहून वाड्याविषयीं मत दिलेलें असतें. त्याच रस्त्याच्या पश्चिम टोकाला समोरच एक जुना बौद्ध मठ आहे. त्याच्या आवारांत शिरलें कीं पन्नास पावलांत आवाज मागें पडतो. झाडांखालीं भिक्षु झाडलोट करीत असतात, आणि शेजारपाजारचीं माणसें उदबत्ती लावून आपल्या कामाला जातात. कित्येक प्रवासी आठवडाभर त्या रस्त्यावर राहतात आणि या फाटकांतून आंत जात नाहींत.

या मठाचें नांव वाट चना सोंगख्राम. सोंगख्राम म्हणजे आपला संग्राम. येथून मराठी प्रवाशाच्या मनांत एक निराळाच खेळ सुरू होतो, तो युरोपियनाच्या मनांत होत नाहीं. आहार तेथें आहान होतो, भाषा फासा होते, गुरूला ख्रू म्हणतात, आणि नगराचें नाखोन होतें. विमानतळाचें नांव सुवर्णभूमि, उच्चार मात्र सुवन्नफूम. आणि तेथें समुद्रमंथनाचें भलें मोठें शिल्प उभें आहे. जुन्या राजधानीचें आयुत्थया हें नांव तर अयोध्येवरूनच घेतलेलें. मग आपला माणूस छाती फुगवून म्हणूं लागतो, "हें तर सारें आपलेंच!" मला वाटतें, दलालाच्या लबाडीपेक्षांही हा समज प्रवाशाला अधिक आंधळा करतो. बँकॉकच्या राजवाड्यालगतच्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिरांत, ओंवरीच्या भिंतीवर रामकथेचीं १७८ चित्रें ओळीनें काढलेलीं आहेत. तीं पाहतां पाहतां आपण एका चित्रापाशीं अडखळतों. थाई रामकथेंतला हनुमान ब्रह्मचारी नाहीं. तो रावणाच्या मत्स्यरूप कन्येवर भाळतो, बिभीषणाच्या मुलीशीं त्याचें सूत जमतें, आणि या प्रकरणांत कथेला कांहीं वावगें वाटत नाहीं. गांवोगांवच्या मारुतीला शनिवारीं तेल वाहणाऱ्या समाजांतून आलेल्या माणसानें या चित्रासमोर क्षणभर उभें राहावें. हे लोक आपली कथा विसरलेले नव्हेत. त्यांनीं ती आपल्या मनाप्रमाणें पुन्हा रचली आहे.

बँकॉकहून उत्तरेस चियांग खोंग या सीमेवरच्या गांवीं जावें. येथें मेकाँग नदी हीच दोन देशांमधली सीमा. २०१३ सालच्या डिसेंबरांत येथें पूल झाला. तत्पूर्वीं परदेशी प्रवासीही होडींतून पलीकडे जात. पलीकडचें लाओसचें गांव ह्वे साय. तेथून लुआंग प्राबांग या जुन्या राजनगरीपर्यंत दोन दिवसांचा जलप्रवास होतो; रात्रीचा मुक्काम पाक बेंग या काठावरच्या खेड्यांत. नाव लांबट व अरुंद. तींत बसावयास जुन्या मोटारींतून काढलेल्या गाद्यांच्या बैठका मांडलेल्या असतात. तांदुळाचीं पोतीं, कोंबड्या, शाळेला निघालेलीं मुलें आणि पाठपिशवीवाले यांची एकत्र मोट बांधून ती निघते. दोन्ही काठांना हिरवे डोंगर, पांढऱ्या वाळूचे पट्टे, मधूनच एखादी म्हैस पाण्यांत डुंबणारी. या भाषांतून नदीला 'मे नाम' म्हणतात, शब्दशः 'पाण्याची आई'. कृष्णामाई म्हणणाऱ्यांना हें सांगण्याची गरज नाहीं.

शेजारीं बसलेली बाई वेताच्या लहानशा करंडींतून चिकट भात काढते, बोटांनीं त्याचा गोळा करते आणि तिखट चटणीला लावून खाते. करंडी न बोलतां आपल्यापुढेंही करते. दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत प्रवाशाचें मत पक्कें झालेलें असतें कीं, हा देश शांत आहे, सुशेगात आहे, काळ येथें थांबलेला आहे. देशाच्या अधिकृत इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचा अर्थ 'कृपया घाई करूं नका' असा प्रवासी मंडळींनीं थट्टेनें लावलेला आहे, त्याचें मूळ याच समजांत.

लुआंग प्राबांगांत हा समज आणखी दृढ होतो. १९९५ सालीं युनेस्कोनें हें गांव जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. पहांटे भिक्षूंची अनवाणी रांग रस्त्यानें जाते. गुडघे टेंकून बसलेले गांवकरी प्रत्येकाच्या पात्रांत चिमूटभर चिकट भात टाकतात. आपल्याकडे विद्यार्थी माधुकरी मागत, तिची येथें आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. पण दोहोंत फरक आहे. येथें कोणी कांहीं मागत नाहीं आणि घेणारा आभार मानीत नाहीं. दिल्याचें पुण्य देणाऱ्याचें, तेव्हां उपकार झाला असेल तर तो देणाऱ्यावर. पुण्याला लाओ भाषेंत 'बुन' म्हणतात. हा विधि लांबून, गप्प राहून पाहावा, भिक्षूंच्या वाटेंत येऊं नये, अशा सूचना गांवांत लावलेल्या आहेत. त्यांच्याच खालीं उभे राहून पाहुणे भिक्षूंच्या तोंडापाशीं कॅमेरे नेतात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें. त्यांना हें गांव म्हणजे एक देखावा वाटतो, आणि देखाव्यांतल्या माणसांची परवानगी कोण घेणार!

येथें पैशाविषयीं दोन शब्द. लाओसचें नाणें किप. नोटांवर शून्यें इतकीं कीं पहिल्या दिवशीं माणूस गांगरतो. रात्रीच्या बाजारांत ओढणी विकणाऱ्या बाईशीं दहा हजार किपसाठीं अर्धा तास हुज्जत घालणारे जवान मीं पाहिले आहेत. दहा हजार किप म्हणजे २०२४ सालच्या भावानें सुमारें चाळीस रुपये. घासाघीस करूं नये असें नाहीं. तेथेंही ती रीत आहेच, पण हंसतखेळत. थोडक्यांत भागविणें ज्याला आवडीनें जमतें, त्याच्यापुढें बसलेल्या बाईला मात्र तें नाइलाजानें जमवावें लागतें. पाठपिशवीवाला स्वतःला गरीब प्रवासी म्हणवितो, परंतु त्याच्या खिशांत परतीचें तिकीट असतें.

आतां या 'शांत' देशाच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. लुआंग प्राबांगहून आग्नेयेस, दिवसभराच्या वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यानें, फोनसावन हें गांव लागतें. आसपासच्या पठारावर प्राचीन दगडी रांजण शेंकड्यांनीं विखुरलेले आहेत. २०१९ सालीं त्यांनाही वारशाचा मान मिळाला. रांजण पाहावयास गेलेला माणूस प्रथम पाहतो तें जमिनीवरच्या लहान खुणांकडे. पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर तपासलेली, तिच्यावरून चालावें. तांबड्या बाजूला पाऊल टाकूं नये. गवत दोन्हीकडे सारखेंच हिरवें असतें.

१९६२ सालच्या जिनीव्हा करारानें लाओस तटस्थ ठरला होता. तरीही १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेच्या विमानांनीं या लहानशा देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. दर आठ मिनिटांस एक विमानभर बाँब, अहोरात्र, असा त्याचा हिशेब पडतो. त्या काळीं अमेरिकेंतील सामान्य जनतेलाही याची नीट कल्पना दिलेली नव्हती. त्यांत २७ कोटींच्या आसपास लहान बाँबगोळे होते, चेंडूएवढे, मोठ्या कवचांतून विखरून पडणारे. त्यांपैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा फुटलाच नाहीं. तो अजून शेतांत, बांबूच्या बनांत, ओढ्यांच्या काठीं पडून आहे. लोक त्यांना 'बोंबी' म्हणतात. युद्ध संपल्यानंतरही वीस हजारांहून अधिक माणसें त्यांच्यामुळें मेलीं किंवा जायबंदी झालीं. चेंडू समजून उचलणारीं मुलें त्यांत पुष्कळ. नांगर, कुदळ, शेकोटी, कशानेंही तो फुटतो. नावेंतून जे डोंगर अस्पर्श वाटले होते, त्यांच्या पलीकडच्या मुलखांत माणूस अनेक ठिकाणीं भीतीपायीं नवी जमीन लागवडीस आणीत नाहीं. भोंवतालच्या भातशेतांत वाटोळीं डबकीं दिसतात, तीं बाँबच्या खड्ड्यांचीं. घराला टेकू दिलेले लोखंडी खांब आणि फुलझाडांच्या कुंड्या हीं बाँबचीं कवचें असतात. फोनसावनपासून जवळच नापिया नांवाच्या खेड्यांत युद्धांतल्या मोडीचें ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. ज्या चमच्यानें आदल्या दिवशीं आपण रस्सा प्यालों तो कदाचित् त्यांतलाच.

हें सारें पाहून आलेला प्रवासी मग उलट टोंकाला जातो. त्याला आतां लाओस म्हणजे केवळ एक जखम वाटूं लागते. तेंही खरें नव्हे. २०२१ सालच्या डिसेंबरांत राजधानी व्हिएंतिआनपासून चीनच्या हद्दीपर्यंत सुमारें ४०० किलोमीटरांची आगगाडी सुरू झाली. लुआंग प्राबांगहून राजधानीस पोंचावयास बसला दिवस लागे, तेथें गाडी दोनएक तासांत नेते. तिच्यांतले विद्यार्थी दूरध्वनीच्या पडद्यांत डोकीं घालून बसलेले, अगदीं आपल्या लोकलमधल्यासारखे. काळ थांबलेला नाहींच. फक्त मंद नावेच्या गाद्यांवरून तो दिसत नव्हता.

व्हिएंतिआनमध्यें कृत्रिम हातपाय तयार करणारें कोप नांवाचें केंद्र आहे. तेथें पाहुण्यांसाठीं एक लहान प्रदर्शन मांडलें आहे. छताला बाँबगोळे टांगलेले, आणि शेजारीं खेड्यांतल्या माणसांनीं स्वतःच लांकडाचे, बांबूचे, पत्र्याचे करून वर्षानुवर्षें वापरलेले पाय. जाणाऱ्यानें शक्य तर पठारावर जाण्याआधीं हें पाहावें. शियांग ख्वांग प्रांतांत बाँब शोधण्याचें काम अद्याप चालू आहे, आणि त्यांतल्या कांहीं तुकड्या केवळ स्त्रियांच्या आहेत. दोऱ्यांनीं जमिनीचे अरुंद पट्टे आंखतात, एकेक बाई यंत्र हातांत घेऊन पाऊल पाऊल पुढें सरकते, यंत्र वाजलें कीं गुडघे टेंकून हातांनीं माती उकरते. सांपडलेले गोळे आसपासचीं माणसें दूर नेऊन जागच्या जागीं उडवितात. तपासून झालेलें शेत मालकाच्या स्वाधीन करतात, आणि पुढच्या पावसाळ्यांत तेथें भात लागतो.