वाट चुकलेलें अस्तर

महिन्याचे चार दिवस पोट दुखावयाचेंच, ही समजूत घरोघर इतकी दृढ आहे कीं, दुखणें असह्य झालें तरी मुलगी तें बोलून दाखवीत नाहीं. आणि बोललीच तर ‘लग्न झालें म्हणजे थांबेल’ असें सांगून वडीलधाऱ्या बायका तिची समजूत घालतात. यांपैकीं पुष्कळ दुखणीं खरोखरच साधीं असतात. परंतु कांहींच्या मुळाशीं एंडोमेट्रिऑसिस नांवाचा विकार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें १०, म्हणजे जगांत १९ कोटी स्त्रिया व मुली, या विकारानें ग्रस्त आहेत. लक्षणें दिसूं लागल्यापासून निदान होईपर्यंत अनेक ठिकाणीं ४ ते १२ वर्षें लोटतात.

गर्भाशयाच्या आंतील अस्तर दरमहा वाढतें व गर्भ न राहिल्यास गळून पडतें. या विकारांत तशाच प्रकारच्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, ओटीपोटाच्या आवरणावर, क्वचित् आंतड्यावरही रुजतात. तेथेंही महिन्याच्या क्रमानें सूज येते, रक्त सांठतें. परंतु त्याला बाहेर पडावयास वाट नसते. त्यामुळें दाह होतो, आंतील अवयव एकमेकांस चिकटतात, वेदना वाढतात, आणि कांहीं स्त्रियांना अपत्यप्राप्तीस अडचण येते. पाळीचें कांहीं रक्त बीजवाहिन्यांतून उलट दिशेनें पोटांत जातें व त्यांतील पेशी तेथें रुजतात, अशी उपपत्ति अमेरिकन शस्त्रवैद्य जॉन सॅम्पसन यांनीं १९२७ सालीं मांडली. ती आजही पुष्कळ अंशीं मानली जाते. परंतु असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्यें होतो. मग दहांतील एकीच्याच पोटांत त्या पेशी मूळ कां धरतात? संप्रेरकें, रोगप्रतिकारशक्ति आणि अनुवंश यांचा त्यांत भाग आहेच. अलीकडे त्यांच्या जोडीस आणखी एका घटकाचें नांव येऊं लागलें आहे, तें असांकेतिक आरएनएचें.

शरीराची प्रत्येक पेशी ही जणूं एक कचेरी आहे. तिच्या दप्तरखान्यांत, म्हणजे केंद्रकांत, डीएनए हें मूळ दप्तर असतें. तें बाहेर जात नाहीं; हवा तेवढा मजकूर उतरवून त्याची नक्कल बाहेर पाठविली जाते व त्या नकलेबरहुकूम प्रथिनें तयार होतात. ही नक्कल म्हणजेच आरएनए. मानवी डीएनएच्या शेंकडा दोनांहूनही कमी भागांत प्रथिनांची कृती लिहिलेली आहे. उरलेली केवळ अडगळ, असें पुष्कळ वर्षें मानलें जाई. परंतु त्या भागाच्याही नकला निघतात, मात्र त्यांपासून प्रथिन बनत नाहीं. त्यांसच असांकेतिक आरएनए म्हणतात. त्यांपैकीं कांहीं दक्ष कारकुनाचें काम करतात. कोणती नक्कल पुढें जाऊं द्यावयाची, कोणती रोखावयाची आणि कोणती फाडून टाकावयाची, हें ते ठरवितात. या कारकुनांतील सर्वांत चिमुकल्या जातीचा, सुमारें २२ अक्षरांच्या सूक्ष्म-आरएनएचा, शोध १९९३ सालीं व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांनीं एक मिलिमीटर लांबीच्या कृमींत लावला. त्याबद्दल त्यांना २०२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

एंडोमेट्रिऑसिसमध्यें या कारकुनांच्या कामांत घोटाळा झालेला आढळतो. ‘मिर-२००’ या कुळांतील सूक्ष्म-आरएनए पेशींना शेजारणींशीं बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेचें रक्षण करतात. वाट चुकलेल्या अस्तरांत त्यांचें प्रमाण घटलेलें असतें. आणि बंध सैल झालेल्या पेशींना हिंडणें सोपें जातें. दुसरें उदाहरण ‘एच-१९’ या लांब आरएनएचें आहे. तो ‘लेट-७’ नांवाच्या सूक्ष्म-आरएनएला स्वतःपाशीं गुंतवून ठेवतो. येल विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं दाखविलें कीं, या विकाराच्या स्त्रियांच्या गर्भाशयांतील अस्तरांत एच-१९ कमी असतो. त्यामुळें लेट-७ मोकळा सुटतो, वाढीची आज्ञा स्वीकारणारें एक प्रथिन तो दाबून टाकतो आणि अस्तराच्या पेशींची वाढ मंदावते. अपत्यप्राप्तीच्या अडचणीचें एक कारण येथें असूं शकेल.

हे सूक्ष्म रेणु रक्तांत व लाळेंतही उतरतात, म्हणून निदानाची नवी आशा उत्पन्न झाली आहे. आजवर पक्क्या खात्रीसाठीं पोटाला छेद देऊन दुर्बिणीनें आंत पाहावें लागे. आतां सोनोग्राफी व एमआरआय यांनींही पुष्कळ काम भागतें, तरी बारीक ठिपके त्यांतून निसटतात. फ्रान्समध्यें २०२२ सालीं २०० स्त्रियांच्या लाळेची तपासणी करून १०९ सूक्ष्म-आरएनएंची एक खूण प्रसिद्ध झाली व तिचे प्रारंभीचे निष्कर्ष उत्साहवर्धक ठरले. तथापि निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या याद्या एकमेकींशीं जुळत नाहींत. पाळीचा दिवस, औषधें, नमुना घेण्याची रीत यांनींही आंकडे बदलतात. शिवाय हा घोटाळा रोगाचें कारण आहे कीं परिणाम, हेंही प्रत्येक ठिकाणीं उलगडलेलें नाहीं. म्हणूनच युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेंत अशा खुणांवरून निदान करूं नये असें बजावलें आहे.

त्याच मार्गदर्शिकेंत दुसरीही एक गोष्ट स्पष्ट आहे: केवळ या विकारावर उपाय म्हणून गर्भधारणेचा सल्ला कोणासही देऊं नये. तेव्हां ‘लग्न झालें म्हणजे थांबेल’ या आश्वासनास शास्त्राचा आधार नाहीं. रोग समूळ नाहींसा करणारें औषध अद्याप सांपडलेलें नसलें, तरी वेदनाशामकें, संप्रेरकें व प्रसंगीं शस्त्रक्रिया यांनीं पुष्कळ आराम पडतो. प्रयोगशाळेचा निर्णय यावयाचा तेव्हां येईल. परंतु ज्या मुलीची दर महिन्यास शाळा चुकते, जिचें दुखणें साध्या गोळीनें शमत नाहीं, तिला वैद्याकडे नेण्यासाठीं त्या निर्णयाची वाट पाहावयास नको. तिच्या शब्दावर घरच्यांनीं विश्वास ठेवला, तर वाया जाणाऱ्या वर्षांपैकीं निदान कांहीं तरी वांचतील.