रेघा दिसल्या म्हणजे जीन नाही?

१९ जूनचा जागतिक सिकलसेल दिन आला की आकडे येतात : किती तपासले, किती वाहक (एकाच पालकाकडून सिकलसेलचा जीन मिळालेले), किती ग्रस्त. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्यच ७ कोटी लोकांच्या तपासणीचं. नांदेड जिल्ह्यापुरतं बोलायचं तर हा विषय किनवट-माहूरच्या गोंड, कोलाम, आंध वस्त्यांचा. मला काळजी वाटते ती पहिल्या चाळणीच्या नळीची.

ही पहिली चाळणी म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी. तिच्यात नळीतल्या द्रावणात थोडं रक्त टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं, रेघा दिसेनाशा होतात. रेघा दिसल्या की निगेटिव्ह. पण बाईचं हिमोग्लोबिनच सहावर आलेलं असेल, तर द्रावण गढूळ व्हायला पुरेसं सिकल हिमोग्लोबिन त्या रक्तात नसतं. जीन अंगात असतो आणि रेघा स्वच्छ दिसतात. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यायचं असतं. पण त्यासाठी हिमोग्लोबिन आधी मोजायला हवं!

आता हिशेब बघा. समजा, तीव्र रक्तक्षयाच्या १००० बायकांत १०० वाहक आहेत, धडधाकट १००० जणींतही १००च. चाचणीनं पहिल्या गटात ७० पकडल्या, दुसऱ्यात ९७. कागदावर दिसणार, की वाहकांना रक्तक्षय कमी होतो. साफ खोटं! आणि ते खरं वाटेल, कारण हाच जीन वाहकाला गंभीर मलेरियापासून खरोखर वाचवतो. आफ्रिकेतल्या अभ्यासांत तो धोका जवळपास दशमांशावर आलेला दिसला आहे. खरं संरक्षण आणि चाचणीची चूक कागदावर सारखीच दिसतात.

नमुना वाढवून हे सुटत नाही. ७ कोटी तपासले तरी तीच चूक ७ कोटींवर. उपाय साधा आहे : दोन्ही गटांतून चिठ्ठ्या टाकून काही जणी निवडायच्या, आधीचा निकाल काहीही असो, त्यांचं रक्त हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर तपासायचं. पहिल्या गटात शंभरातल्या ७० सापडतात हे कळलं, की ७ टक्क्यांना ०.७०नं भागायचं. दुसऱ्यात ९.७ला ०.९७नं. दोन्हीकडे १० टक्के. संरक्षण गायब.

म्हणून निकालाच्या शेजारी त्याच दिवशीचं हिमोग्लोबिन लिहायचा रकाना मला हवा आहे. रेघा दिसल्या म्हणून घरी पाठवलेली मुलगी उद्या लग्न करणार आहे. ती खरं तर वाहक असेल आणि नवराही वाहक निघाला, तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक.