क्लाउडमधील संदेश-रांगेत नियोजित व विलंबित संदेशांचा शोध : एक विवेचन

प्रस्तावना
डोंबिवलीतील एखाद्या महाविद्यालयात बदलापूर, टिटवाळा येथून लोकलने विद्यार्थी येतात. परीक्षेच्या दिवशी सकाळी ७ वाजता त्यांना स्मरण-संदेश मिळावा, अशी व्यवस्था महाविद्यालयाने चार दिवस अगोदर केली आहे, असे समजू. आदल्या रात्री अतिवृष्टीमुळे परीक्षा पुढे ढकलली जाते. आता तो संदेश वेळेपूर्वी शोधून रद्द करणे अगत्याचे ठरते. अन्यथा न होणाऱ्या परीक्षेसाठी विद्यार्थी भर पावसात घराबाहेर पडतील. असा संदेश रांगेत कसा शोधावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना
संदेश पाठविणारी प्रणाली आणि तो स्वीकारून पुढील काम करणारी प्रणाली यांच्यामधील साठवणीची जागा म्हणजे संदेश-रांग. ठराविक सेकंदांनंतर उपलब्ध होणारा संदेश हा विलंबित, तर ठराविक दिनांकास व वेळेस उपलब्ध होणारा संदेश हा नियोजित होय. दोन्ही प्रकारांतील संदेश वेळ भरेपर्यंत स्वीकारणाऱ्या प्रणालीच्या हाती येत नाहीत. त्यामुळे नेहमीच्या स्वीकार-आदेशाने ते सापडत नाहीत. रांग रिकामी दिसली, तरी ती रिकामी असेलच असे नाही.

विविध सेवांतील शोधपद्धती
अॅमेझॉनची सिम्पल क्यू सर्व्हिस २००६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तीत विलंबाची कमाल मर्यादा ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटे आहे. विलंबित संदेशांची केवळ अंदाजे संख्या कळते; त्यांचा मजकूर पाहण्याची वा त्यांतील एकच संदेश रद्द करण्याची सोय नाही. साहजिकच चार दिवसांच्या नियोजनास ही सेवा एकटी पुरी पडत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात अॅझ्युअरचे केंद्र सुरू केले. अॅझ्युअरमधील सर्व्हिस बस या सेवेत संदेश नियोजित करताच त्याचा अनुक्रमांक परत मिळतो. तो अनुक्रमांक दिल्यास संदेश रद्द करता येतो. 'पीक' या आदेशाने संदेश रांगेतून न काढता पाहता येतो. त्यात नियोजित संदेशही दिसतात व त्यांची स्थिती कळते. तथापि मजकुरावरून थेट शोध घेता येत नाही. एकेक संदेश क्रमाने तपासावा लागतो. शिवाय वेळ भरून संदेश सक्रिय झाला की त्यास नवा अनुक्रमांक मिळतो व जुना निरुपयोगी ठरतो.

गुगलच्या क्लाउड टास्क्स या सेवेत संदेशाऐवजी कार्ये रांगेत ठेवली जातात. ती ३० दिवसांपर्यंत पुढे नियोजित करता येतात. प्रत्येक कार्यास स्वतःचे नाव देता येत असल्याने त्या नावावरून ते पाहता व काढून टाकता येते.

वेळेचा प्रश्न
अशा सेवांत वेळ सामान्यतः जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदविली जाते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. म्हणून सकाळी ७ चा संदेश नोंदीत १.३० वाजता शोधावा लागतो. रूपांतर न करता ७ हीच वेळ नोंदविल्यास संदेश दुपारी १२.३० वाजता उपलब्ध होईल. तसेच नियोजित वेळ ही संदेश उपलब्ध होण्याची लवकरात लवकरची वेळ असते. नेमक्या त्याच क्षणी तो पोहोचेल, अशी हमी नसते.

निष्कर्ष
वरील विवेचनावरून असे दिसते की, संदेशाचा शोध सुकर होणे हे तो रांगेत ठेवतानाच्या दक्षतेवर अवलंबून असते. त्याच वेळी अनुक्रमांक वा नाव, विषय-संकेतांक आणि नियोजित वेळ यांची नोंद स्वतःच्या डेटाबेसमध्ये करावी. मात्र रद्द करण्याचा आदेश पोहोचेपर्यंत संदेश सक्रिय झालेला असू शकतो. यास्तव स्वीकारणाऱ्या प्रणालीनेही संदेश विद्यार्थ्यांकडे धाडण्यापूर्वी परीक्षा कायम आहे की नाही, हे त्याच डेटाबेसमधून पडताळून घ्यावे. रांगेतील संदेश चार दिवसांपूर्वीचा निर्णय सांगतो. आजचा निर्णय डेटाबेसमध्येच पाहावा लागतो.