रक्तवाढीची गोळी अर्ध्यावर सोडू नका

भीमनगर-भावसिंगपुऱ्यात घरोघर गेलो की रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची अर्धी पाकिटं आम्हाला दिसतात. "संडासला काळं व्हायला लागलं, म्हणून सोडल्या," बाया सांगतात.

त्या गोळीतलं लोह रक्तातून वाहून नेतं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन. त्याला हातगाडी समजा. हाडाच्या आतल्या मगजात नव्या लाल पेशी घडतात. त्यांच्या आवरणावर ही गाडी धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. गाडी धरली की आवरण तिथेच आत दबतं आणि इवलीशी पिशवी सुटून पेशीत जाते. हीच एंडोसोम. तिच्यात आम्ल वाढतं आणि लोह गाडीतून सुटतं. मग भंगाराच्या दुकानासारखी निवडानिवड होते: मोडीत काढायचं ते लायसोसोमकडे, कामाचं ते परत. रिसेप्टर आणि रिकामी गाडी काही मिनिटांतच पुन्हा आवरणावर येतात. गाडी रक्तात सुटते, नव्या खेपेला.

लोह कमी पडलं की पेशी उलट रिसेप्टर वाढवते. दारं भरपूर, माल नाही! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. अशा बाईला घरचे आळशी म्हणतात, याचा आम्हाला राग येतो.

गोळीनं संडास काळी होतेच, भिऊ नका. डांबरासारखी चिकट असेल, चक्कर येत असेल, तर मात्र घाटीत दाखवा. गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. हिमोग्लोबिन वाढलं तरी साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात. गरोदरपणातल्या १८० गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट आहेत, मोजून घ्या.